पसंतीवर आणलेला मॉनिटर

आमचे नागपूरचे घरमालक काहीही विकत घेत नसत. पसंतीवर आणत.

इतवारीच्या बाजारातून ज्यांनी कधी लग्नाचा बस्ता बांधला नसेल त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न निघालं आणि दुकानदार ओळखीचा असला की तो म्हणतो, इथं गर्दीत काय पाहता, घरी न्या. मग ढीगभर साड्या एका पांढऱ्या चादरीत बांधून घरी येतात. सतरंजी पसरते, शेजारणी जमतात, एखादी आत्या अंथरुणावर असली तर तिच्या उशाशी नेऊन दाखवतात. पसंत पडतील त्या ठेवायच्या आणि बाकीच्या परत. उलगडून पाहा, खांद्यावर टाकून पाहा, सगळी मुभा असते. फक्त नेसायची नाही. नेसली की घडी मोडली, आणि घडी मोडली की ती साडी तुमची. मग हसा नाहीतर रडा.

आमच्या या घरमालकांनी, काकाजींनी, अख्खं आयुष्य इतवारीतल्या एका दुकानाच्या गादीवर साड्या उलगडण्यात काढलं. सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून आम्हीही. वडील घरी हातमागावर लुगडी विणायचे, मुलगा विकायला बसला. वयानं दुकान सुटलं, पण पसंतीची सवय काही सुटली नाही; उलट ती साड्यांवरून उतरून सगळ्या जगावर पसरली. चष्म्याची नुसती फ्रेम, काच नसलेली, नाकावर चढवून ते आठवडाभर बाजारात हिंडले. भाजीवाल्याकडून दोन वांगी पसंतीवर आणली, बायकोकडून, म्हणजे आमच्या काकूंकडून, त्यांची भाजी करवली, खाल्ली, आणि मग बाहेर जाऊन किलोभर घेतली. तोवर बिचारा गाडी लावून उभा! त्यांची स्कूटरसुद्धा एका मित्राकडून पसंतीवर आणलेली होती. मित्र विचारायचा, "काय गा, ठेवतं का परत करतं?" काकाजी म्हणायचे, "पाहून राहिलो." शेवटी मित्रच कंटाळला आणि कागदपत्रं यांच्या नावावर करून मोकळा झाला.

तुम्हाला वाटेल, असल्या माणसाला दुकानदार दारात उभं करत नसतील. पण तसं नव्हतं. काकाजींनी परत केलेली वस्तू नेली त्यापेक्षा चकचकीत होऊन यायची. पंखा परत केला तर पात्यांवरची दुकानातली धूळ पुसलेली असायची. आणि वस्तू घरी आली की तिला आधी उंबऱ्यात न्यायचं, हा दंडक. "दुकानातला उजेड खोटा असते," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. "दाराच्या उजेडात पाह्य." आंबा असो, कुकर असो, डॉक्टरनं दिलेला गुडघ्याचा एक्स-रे असो, दाराच्या उजेडात. एक्स-रे पाहून ते म्हणाले होते, "छपाई बरी आहे."

काकू या सगळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. एकदाच म्हणाल्या, भेंडी चिरता चिरता, "न पाहता आणलेली या घरात एक मीच. म्हणून तर टिकली."

आम्हालाही त्यांनी पसंतीवरच ठेवलं होतं. माझा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात. दिवाळीच्या सुमाराला आम्ही वरच्या दोन खोल्या पाहायला गेलो तेव्हा काकाजींनी भाड्याआधी हे सांगितलं, "एक महिना राहून पाहा. तुम्ही आम्हाले पाहा, आम्ही तुम्हाले पाहतो. पसंत पडलं त बोलू." महिना झाला, ते काही बोलले नाहीत. दुसरा झाला. नवऱ्यानं एकदा भीत भीत विचारलं, "काकाजी, दारावर नावाची पाटी लावू का?" तर म्हणाले, "पाटीची कायची घाई? पाहून राहिलो ना." कुरियरवाले आम्हाला 'काकाजींच्या वरचे' म्हणून ओळखायचे. मला मेलीला याचा राग यायचा. मी मूळची भिवापूरची, आमच्याकडे मिरची तळहातावर घेऊन एका नजरेत भाव सांगतात. आणि हा माणूस दोन माणसं सहा महिने उलटीपालटी करून पाहतोय!

पण तेव्हा माझी अवस्थाच तशी होती. घरमालकाकडे पसंतीवर, आणि कंपनीकडेही पसंतीवर.

माझी नोकरी पुण्याची. शाळेतल्या मुलांसाठी संगणकावरचे धडे बनवणारी कंपनी आहे, तिथं मी धडे तपासते. एका बाजूला शिक्षकानं लिहिलेला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला तयार झालेला धडा, आणि मध्ये माझे डोळे. लग्न झालं तरी मी पुण्यात आणि नवरा नागपुरात. दोन वर्षं आमचा संसार रेल्वेच्या डब्यात चालला. शेवटी मी हट्टच धरला, आणि आमच्या मॅडमनी घरून काम करायला परवानगी दिली, पण तात्पुरती. उन्हाळा संपेपर्यंत बघू, म्हणाल्या. काम नीट झालं तर कायमचं, नाहीतर बाई, पुण्याला परत.

आणि काम नीट होईना. ऑफिसात टेबलावर दोन मोठे पडदे असायचे, घरी हा एवढासा लॅपटॉप. मूळ मजकूर पाहायचा, तो झाकायचा, धडा उघडायचा, तोवर पाहिलेलं विसरायचं, परत मागं. बेरजेच्या एका धड्यात सातव्या गणिताचं उत्तर आठव्याखाली गेलं आणि माझ्या नजरेतून सुटलं. मॅडमचा फोन आला. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. नुसतं म्हणाल्या, "घरून जमतंय ना गं?" त्या दिवशी मी नवऱ्याच्या डब्यात पोळ्याच ठेवल्या नाहीत, नुसती भाजी दिली. जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसरा मॉनिटर घ्यायलाच हवा होता. आणि तो टेबलावर ठाण मांडून बसणारा नको, उचलून नेता येणारा हवा. याचं कारण नागपूरकराला सांगावं लागत नाही. एप्रिल लागला की वरच्या मजल्यावरचा स्लॅब तापतो आणि दुपारी आमच्या खोल्यांत पापड भाजावा असं होतं. तेव्हा अकरा वाजले की मी लॅपटॉप उचलून खाली काकाजींच्या बैठकीत जायची. तिथं खिडकीत त्यांचा कूलर, पिंपाएवढा. त्याच्यासमोर काकूंचं शिलाई मशीनचं टेबल, तेच माझं ऑफिस. म्हणजे मॉनिटर रोज जिना चढणार-उतरणार. शिवाय सणावाराला भिवापूरला न्यायचा. आणि माझ्या नोकरीचा भरवसा नाही, वरून घराचं भाडं; त्यामुळे स्वस्तातला.

मग मी काय केलं, जे सगळे करतात ते. मोबाईलवर बसून शंभर मॉनिटर पाहिले. कोणाला लोकांनी चार तारे दिलेले, कोणाला साडेचार. एक जण म्हणे रंग अप्रतिम, दुसरा म्हणे आठव्या दिवशी बंद पडला, दोघंही त्याच मॉनिटरबद्दल! डोकं पिकलं. शेवटी एक पक्का केला आणि खाली कूलरसमोर बसून बोट टेकवणार, तेवढ्यात काकाजी मागं उभे.

"काय घेऊन राहिली वं?"

"मॉनिटर. लॅपटॉपला जोडायचा दुसरा पडदा."

"कुठं आहे?"

"मोबाईलमध्ये."

"म्हणजे न पाहता?" बाईनं भर बाजारात मंगळसूत्र काढून ठेवलं असं त्यांचं तोंड झालं.

"काकाजी, लोकांनी घेऊन पाहिलेला आहे. हे पाहा, साडेचार तारे आहेत."

"हे तारे कोणं देल्ले?"

"ज्यांनी घेतला त्यांनी."

"त्यायच्या घरी कूलर आहे काय?"

"ते मला काय माहीत!"

"मंग कायचे तारे," म्हणाले आणि स्कूटरची चावी घेतली. "चाल."

सीताबर्डीतल्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते मला घेऊन गेले त्याचा मालक चाळिशीचा, चांगला गुबगुबीत, फोनवर फोन घेणारा. काकाजींना पाहून फोन ठेवून उठला. काकाजींनी पाणीही न पिता सांगितलं, "तीन तऱ्हेचे दे. पसंतीवर."

तो हसला. "काकाजी, ते साडीत चालते. इलेक्ट्रॉनिकमधे पसंतीवर नाही देत कोणी. सील फुटलं त परत कसं घेऊ?"

"तुह्या लग्नाचा बस्ता कोणं बांधला होता?"

"तुम्हीच."

"तुह्या मायनं एक साडी दोनदा परत केली. मी तोंडातून शब्द काढला होता काय?"

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं ऐकायला लागली. मालकानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि काचेच्या कपाटात लोकांना दाखवायला ठेवलेले, आधीच उघडलेले तीन मॉनिटर काढून दिले. "याची घडी त दुकानातच मोडली आहे," तो म्हणाला, "पण काकाजी, जसे नेले तसेच पाहिजेत हं मले. एक ओरखडा नको." काकाजींनी डिक्कीतून पांढरी चादर काढली. चादर घेऊनच आले होते! तिन्ही मॉनिटर तिच्यात बांधले, गाठ मारली, आणि गठ्ठा माझ्या मांडीवर दिला. इतवारीतून लुगड्यांचा गठ्ठा न्यावा तशी मी स्कूटरवर मागं बसले. लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

घरी सतरंजी पसरली. शेजारच्या दोघी-तिघी आल्याच. चादरीचा गठ्ठा पाहून त्यांना वाटलं कोणाचं तरी जमलं. काकाजी मांडी घालून बसले आणि त्यांच्या हातात एकदम जुनी लय आली. एकेक उघडायचे, मनगटाला झटका देऊन समोर मांडायचे, पाऊण मिनिट गप्प बसायचे, मग दुसरा.

"याचे काठ पाहा किती बारीक," एक शेजारीण म्हणाली.

"हाव, पण अंगात दम नाही. हा पाहा, हा जड आहे."

"जड कोण रोज उचलन? पोरगी जिना चढून राहिली."

पहिला होता तो नुसता देखणा. तोंडावर काच, काठ नाहीच म्हटले तरी चालेल, रंग असे की दाराच्या उजेडात नेला तर काकाजी स्वतः "वा" म्हणाले. दुसरा वहीसारखा पातळ आणि हलका. तिसरा म्हणजे, कसं सांगू, सावत्र आईनं वाढवलेला. जाड काळे काठ, मळकट दिसणारा पडदा, पाठीला एक जाडजूड लोखंडी पाय, आणि काठावर कंपनीचं नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरांत. त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. सगळ्यांत स्वस्त तोच होता.

"आता नेसून पाहा," काकाजी मला म्हणाले. म्हणजे ज्या जागी काम करायचं तिथं, कूलरसमोर, दिवसभर एकेक वापरून पाहायचा.

पहिल्या दिवशी देखणा लावला. लॅपटॉपवर मूळ मजकूर, शेजारी धडा. आहाहा! मी दोन धडे झपाट्यानं संपवले. मग ऊन खिडकीवर आलं आणि पडद्याच्या काचेत अख्खी बैठक दिसायला लागली. विज्ञानाचा धडा तपासतेय आणि बेडकाच्या पोटावर काकू लसूण सोलतायत. मी खुर्ची सरकवली, काकूंना सरकवलं, देवांचा फोटो उतरवला. तेवढ्यात काकाजींनी कूलर जोरात केला. त्या मॉनिटरला पाय असा नव्हताच, मागचं झाकणच दुमडून टेकू करायचा होता. कूलरचा झोत लागला आणि साहेब सावकाश, अगदी अदबीनं, माझ्या कीबोर्डवर पालथे पडले. उचलला, परत पडला. कूलर बंद केला तर आम्ही शिजायला लागलो.

"तारे देणाऱ्याच्या घरी कूलर नव्हता," काकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पातळ. एकच वायर, तिनंच वीज आणि तिनंच चित्र. जोडली. दिवा लागला आणि पडदा काळाच. अर्धी सकाळ घालवली, मग दुकानात फोन केला. मालक म्हणाला, तुमच्या लॅपटॉपच्या त्या भोकातून नुसतं चार्जिंग होते ताई, चित्र नाही जात, त्याले वेगळा लॅपटॉप लागते. एवढ्या रात्री तारे मोजले मी, हे एकाही शहाण्यानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी परत एकाच पडद्यावर काम केलं, आणि परत एक चूक गेली. मॅडमचा निरोप आला, महिनाअखेरीस व्हिडिओवर बोलू. मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. सरळ सांगितलं, काकू, मला पुण्याला नाही जायचं परत. स्टेशनवर उभं राहून नवऱ्याला हात हलवायचा आता मला कंटाळा आलाय. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि वाटीत आंब्याचा रस दिला. काकाजी दारात उभे होते. ते पाहून बैठकीत गेले.

मला वाटतं त्या रडण्यामुळेच पुढचं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर काकाजी उंबऱ्यात उकिडवे बसलेले. एका हातात तो तिसरा, सावत्र मॉनिटर, दुसऱ्या हातात ओला रुमाल, शेजारी मिठाच्या पाण्याची वाटी.

"काकाजी, काय करता?"

त्यांनी वर पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. रुमालावर पांढरं पांढरं लागलं होतं. मॉनिटरच्या काठावर कंपनीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरली होती.

झालं होतं ते असं. साडीचा रंग पक्का की कच्चा हे पाहायचं तर मिठाच्या पाण्यात रुमाल भिजवून काठाच्या कोपऱ्यावर घासतात. आयुष्यभर केलेलं काम. काकाजींच्या मनात आलं, आधीच्या दोघांनी पोरीला फसवलं, निदान याची तरी नीट परीक्षा घेऊ. घेतली! नाव रंगवलेलं होतं, ते निघालं. आणि मग, कच्चा आहे का अजून, म्हणून आणखी घासलं.

"रंग कच्चा आहे," ते हळूच म्हणाले. मग त्याहून हळू म्हणाले, "परत कसा करू मी याले?"

दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी हसले असते. पण ज्या माणसानं जन्मात परत केलेल्या वस्तूवर कधी बोटाचा ठसा ठेवला नाही त्याच्या हातून हे झालं होतं. त्यांनी चहा घेतला नाही. स्कूटर बाहेर काढली, आत ठेवली. दुकानदाराला फोन लावायला हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. काकू म्हणाल्या, "आपलं नाव निघालं का कंपनीचं निघालं? जेवून घ्या." तरी जेवले नाहीत.

मला काही सुचेना, म्हणून मी मॉनिटर उचलला आणि मशीनच्या टेबलावर लावला. त्याला दोन वायरी लागत होत्या, एक चित्राची, एक विजेची. चित्राचं भोक माझ्या लॅपटॉपला होतं. लागला. रंग काही खास नव्हते, पण मला काय बेडकाचा हिरवा रंग मोजायचा होता? अक्षरं ठसठशीत होती. ऊन खिडकीवर आलं, पडदा मळकट होता म्हणूनच त्यात कोणी दिसेना, ना काकू, ना लसूण. कूलर जोरात केला. लोखंडी पाय रोवून गडी उभा! मी दुपारपर्यंत मान वर केली नाही. पाच धडे झाले. त्यातल्या एका धड्यात चुकीचं चित्र पडलं होतं ते लगेच दिसलं, दोन्ही शेजारी शेजारी होतं ना.

"काकाजी," मी ओरडलेच, "हाच पसंत आहे!"

त्यांनी पलंगावरून मानही वळवली नाही. "माह्या मनाले बरं वाटावं म्हणून म्हणून राहिली."

"अहो नाही हो! खरंच!"

"मी नासवला म्हणून तू ठेवून राहिली. मले समजत नाही काय?"

किती सांगितलं, पटेना. काकाजी देखण्याला आणि पातळ्याला चकचकीत करून परत देऊन आले, तिसऱ्याचे पैसे मी दिलेत की नाही हे मालकाला तीनदा विचारून आले, आणि मग रोज दुपारी माझ्या मागं खुर्ची टाकून बसायला लागले. पोरगी खरं बोलते की माझं मन राखते, हे पाहायला. चूक सापडली की मी मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "काकाजी, ही पाहा, ही सापडली!" ते हं म्हणायचे. हळूहळू त्यांना नाद लागला. "त्या बाजूले नदी सरळ आहे, या बाजूले वाकडी काहून?" असं विचारायचे. बरोबर असायचं असं नाही, बहुतेकदा दोन्ही नद्या वेगळ्याच असायच्या. पण एखाद्या दिवशी ते उशिरा आले तर मलाच करमायचं नाही.

महिनाअखेर आली. मॅडमचा व्हिडिओ कॉल. मी चांगला कुर्ता घातला, मॅडमना काकाजींच्या मॉनिटरवर घेतलं, आणि कूलर हळू केला. काकाजी मागं पलंगावर, डोळे मिटून. मला वाटलं झोपले.

मॅडम म्हणाल्या, "या पंधरवड्यातलं तुझं काम अगदी स्वच्छ आहे. एकही चूक नाही. छान."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण," त्या म्हणाल्या, "कायमचं करायचं म्हणजे जरा... असं करू, अजून तीन महिने बघू या आपण. मग परत बोलू."

तीन महिने! त्यापुढे आणखी तीन. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ मॅडम."

काकाजी उठून माझ्या खुर्चीमागं आले होते. बनियनवर. मी त्यांना हातानं मागं ढकलत होते, ते हलेनात.

"माफ करा, मधात बोलून राहिलो. मी यायचा घरमालक. मी जिंदगीभर पसंतीवर माल देल्ला. गिऱ्हाईक माल घरी नेते, पाहते. रंग पाहते, पोत पाहते. पण नेसून, मिरवून, चार समारंभ करून, मंग म्हणते अजून तीन महिने पाहू, असं नाही चालत मॅडम. तुम्ही घडी मोडली. काम स्वच्छ आहे हे तुम्हीच म्हणून राहिले. एक त ठेवा, नाही त परत करा. माल असा लटकवून ठेवत नसतात. त्याले बी जीव असते."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुम्ही साड्या विकायचा का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"माझ्या आईच्या माहेरी असे गठ्ठे यायचे." मग त्या हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. "बरोबर आहे तुमचं. मी वर बोलते." त्या संध्याकाळी पत्र आलं. कायमचं. मी ते वाचलं आणि नवरा ड्युटीवरून यायच्या आत शेजारणींना पेढे वाटले.

नवरा आला, काकाजींच्या पाया पडला, सगळे खाली बैठकीत बसलो. काकाजी अगदी खुशीत होते. पाचव्यांदा तेच सांगत होते, "मी म्हटलं, एक त ठेवा, नाही त परत करा."

माझा स्वभाव तुम्हाला आता कळला असेल. मला राहवलं नाही. "काकाजी, आणि आमचं काय हो? दिवाळीपासून पाहून राहिले तुम्ही आम्हाला. आमचे समारंभ नाही झाले का?"

नवऱ्यानं मला कोपर मारलं. काकाजींचा पेढा हातातच राहिला. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग नवऱ्याकडे, मग मशीनच्या टेबलावरच्या त्या बोडक्या काठाच्या मॉनिटरकडे. उठले, सदरा घातला, स्कूटरची चावी घेतली आणि निघून गेले.

"लागलं असेल गं त्यांना," नवरा म्हणाला. मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून माफी मागू असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी खाली आले तर ते घरी नव्हते. काकू म्हणाल्या, सकाळीच इतवारीत गेले. परत आले तेव्हा काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्या हातात दिलं आणि जिन्याकडे पाहत उभे राहिले. मी कागद सोडला. पाटी होती. राणी रंगाची, त्यावर पिवळी अक्षरं, आणि भोवती जरीच्या काठासारखी नक्षी. एखाद्या शालूचा तुकडा कापून आणावा तशी. त्यावर आमची दोघांची नावं कोरलेली. माझं आधी.

मी त्यांचंच वाक्य म्हटलं. "दाराच्या उजेडात पाहू या?"

"आता पाहून काय करतं?" काकाजी म्हणाले. "नाव कोरलं की पाटीवाला परत नाही घेत."

आतून काकूंचा आवाज आला, "घ्या. न पाहता आणलेल्या या घरात आता दोन झाल्या."

आज आम्ही कोराडी रोडला आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या पाट्या पितळी, साध्या, झकास. येणारा प्रत्येक जण आमच्या दाराशी थबकतो आणि विचारतो, अहो, हा असा रंग तुम्ही पसंत केला?

मी हाव म्हणते.